सेल कोणी बदलायचा?

रात्री दीड वाजता माझा भाऊ भिंतीवरचं घड्याळ खाली काढत होता. मॅच संपायला दहा मिनिटं, स्कोअर दोन-दोन, आणि मित्राकडून आणलेल्या कंट्रोलरचा दिवा लुकलुकायला लागलेला. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात. टीव्हीच्या रिमोटमधले सेल बारीक, ते उपयोगाचे नाहीत. म्हणून एक घड्याळातला काढला आणि एक पप्पांच्या टॉर्चमधला. मॅच त्याने जिंकली. सकाळी घड्याळात दीडच वाजले होते. चहा पिताना त्या घड्याळाकडे बघून निघायची पप्पांची सवय, त्यामुळे ते कारखान्यात अर्धा तास उशिरा पोचले. भिवंडीत मागावरची पाळी बारा तासांची असते, पण म्हणून अर्ध्या तासाचं कोणी ऐकवत नाही असं नाही.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, मला स्वतःचा घे ना. बॅटरीवाला. सेलची कटकट नको."

पैसे मी देणार होते, त्यामुळे निवडही माझ्याकडे आली. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

आमच्याकडे जुना असेंबल्ड पीसी आहे, म्हणून खरोखरची निवड होती. कन्सोल घेतलं की हा प्रश्न बराचसा कंपनीनेच सोडवलेला असतो. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल होते आणि तो वारसा मायक्रोसॉफ्टने २०२० च्या कन्सोलपर्यंत चालू ठेवला. सोनीने २००६ च्या प्लेस्टेशन ३ पासून बॅटरी आतच बसवली. त्याही आधी, २००२ मध्ये, निन्टेंडोने वेव्हबर्ड नावाचा बिनतारी कंट्रोलर काढला होता. तो दोन पेन्सिल सेलवर चालायचा, आणि सेल लवकर संपू नयेत म्हणून त्यातली थरथरणारी मोटर काढून टाकली होती. म्हणजे गोल झाल्यावर हाताला काही जाणवणार नाही, पण रात्रभर खेळता येईल. पीसीवाल्याला यातलं काहीही चालतं. तिसरा पर्याय वायरवाला. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक, पण आमच्या खोलीत पीसी आणि पलंग यांच्या मधून आईची येण्या-जाण्याची वाट आहे. तो पहिल्याच दिवशी बाद झाला.

आधी मी विजेचा हिशोब केला. भिवंडीत वाढलेलं माणूस दुसरं काय करणार! लोडशेडिंगच्या काळात शाळेचा अभ्यास आम्ही वेळापत्रक बघून करायचो. २६ जानेवारी २००७ पासून इथलं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवरकडे गेलं, आणि असा प्रयोग देशात पहिल्यांदा आमच्या गावात झाला. त्याच्या बऱ्या-वाईटावर इथे चहाच्या टपरीवर आजही तासभर वाद होऊ शकतो. वीज म्हटलं की आमचे कान उभे राहतात. पण हिशोब केल्यावर हसू आलं. साधारण १,५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साडेपाच वॉट-अवर. चार्जिंगमधली गळती धरून आठ म्हणा. रोज पूर्ण चार्ज केली तरी वर्षाला तीन युनिट. पप्पांच्या मागावरची मोटर तेवढी वीज काही तासांत खाते. म्हणजे विजेचा काही प्रश्नच नव्हता.

मग पैशांचा. किराणा दुकानातला साधा सेल पंधरा-वीस रुपयांना मिळतो. भाऊ आठवड्याला एक जोडी संपवणार, म्हणजे वर्षभरात कंट्रोलरच्या किमतीच्या आसपास रक्कम सेलमध्ये जाणार. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे चार सेल आणि चार्जर घ्यायचे तर हजाराच्या आसपास एकदम मोजावे लागतात. ते शेकडो वेळा भरता येतात, पण हजार रुपये आधी खिशात असायला हवेत. ज्याच्याकडे नाहीत तो पंधरा-पंधरा करत त्याहून जास्त देतो. गरिबाला स्वस्त नेहमीच महाग पडतं. हे आमच्या आळीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं मांडल्यावरही आत बसवलेली बॅटरी जिंकत होती. वायर लावायची, झोपायचं. मी ऑर्डर देणारही होते. पण मी जिथे काम करते ते गोदाम मध्ये आलं.

मानकोलीच्या पुढे, नाशिक हायवेला लागून जी गोदामांची रांग आहे, त्यातल्या एकात मी परत आलेल्या मालाच्या विभागात आहे. आधी तिथे भातशेती होती. आता मुंबई-ठाण्याने ऑनलाइन मागवलेलं आमच्याकडून जातं आणि नको झालेलं आमच्याकडे येतं. लाल तिरप्या रेघांची चौकट, आत बॅटरी आणि ज्योत, असं स्टिकर असलेले खोके आम्ही वेगळे ठेवतो. कारणाच्या रकान्यात बहुतेक एकच वाक्य असतं: चार्ज होत नाही. बटणं ठीक असतात, काड्या ठीक असतात, मोटर ठीक असते. फक्त आतली बोटभर लांबीची चपटी पिशवी गेलेली असते. लिथियमच्या बॅटरीचं असंच आहे. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद कमी होते. वापरली नाही तरी ती म्हातारी होतेच, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली पूर्ण चार्ज करून ठेवली तर आणखी लवकर. तेवढ्यासाठी अख्खी वस्तू 'खराब' ठरते.

आमच्या घरी अशी एक होती. भावाचा पहिला कंट्रोलर, कुठल्या तरी नाव नसलेल्या ब्रँडचा. दोन वर्षांत त्याची पाठ फुगली. दिवाळीच्या साफसफाईत त्याने तो माळ्यावरच्या बाकी सामानाबरोबर कारखान्यामागच्या भंगारवाल्याला प्लास्टिकच्या भावाने दिला. मला वाटतं, सगळे मिळून चाळीस रुपये आले आणि त्याचा वडापाव झाला.

दोन-तीन आठवड्यांनी त्या दुकानातल्या मुलाचा हात भाजला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. स्क्रूड्रायव्हरने काहीतरी उघडत होता, आतल्या फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं. ती पिशवी फुटली की आतले थर एकमेकांना चिकटतात, सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर येते. भिवंडीत भंगाराच्या गोदामाला आग लागल्याची बातमी इतक्यांदा येते की आपण ती पूर्ण वाचतही नाही. ही बातमी झालीसुद्धा नाही. मुलाला नायट्याचं मलम लावतात तसं काहीतरी पांढरं लावून, फडकं बांधून, दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर बसवलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "कुछ नहीं दीदी, थोड़ा जला है."

ती बॅटरी आमचीच होती असं नाही. त्या दुकानात रोज पोतीच्या पोती येतात, मोबाइल, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर. पण आमची नव्हती असंही मी म्हणू शकत नाही. त्या तीन आठवड्यांत मला हेच सुधरत नव्हतं. कोणी कोणाला धक्का दिला, कोण पडलं, हे दिसतं तेव्हा चूक कोणाची ते ठरवता येतं. इथे चाळीस रुपये घेऊन आम्ही घरी आलो आणि मध्ये एक काळं पोतं आहे. पोत्याच्या पलीकडे एक भाजलेला हात आहे. पोतं अपारदर्शक आहे म्हणून मी सुटले का?

पप्पांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त विचारलं, सेलवाला घेऊ की बॅटरीवाला. ते जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांनी दोन्हींचे फोटो मोबाइलवर मोठे करून बघितले आणि म्हणाले, "याची कांडी बाहेर निघते. त्याची निघत नाही."

ज्यांनी साधा माग चालताना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आडवा धागा धोट्यातून जातो आणि धोट्याच्या पोटात त्या धाग्याची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. कामगार माग थांबवतो, धोटा काढतो, रिकामी कांडी टोपलीत टाकतो, भरलेली बसवतो, माग परत चालू. एकेक कामगार असे चार-सहा माग सांभाळतो, म्हणजे दिवसभर तो कांड्याच बदलत असतो. कटकट आहेच. पण कांडी संपली म्हणून धोटा फेकावा, असं कोणाच्या डोक्यात येत नाही. कांडी संपण्यासाठीच असते. रिकामी कांडी भरायला जाते आणि परत येते.

जे संपणार आहे ते हाताला लागेल अशा जागी ठेवायचं, एवढंच पप्पांचं म्हणणं. मला ते पटलं, आणि पटल्यावर लगेच त्यातलं भोकही दिसलं, कारण कांड्या भरणारी बाई माझी आई होती. लग्नानंतरची नऊ वर्षं. मागावरच्या कामगाराला भरलेली कांडी टोपलीत मिळायची. ती कोणाच्या कमरेच्या दुखण्यातून भरून येते, हे त्याला बघावं लागत नव्हतं.

आल्बर्ट बोर्गमन नावाच्या तत्त्वज्ञाने १९८४ साली एका पुस्तकात अशाच गोष्टीचा विचार केला होता. त्याचं म्हणणं साधारण असं: घरातल्या शेकोटीपायी प्रत्येकाला काहीतरी काम असतं, तिच्याभोवती घर उभं राहतं. मध्यवर्ती हीटर आला की फक्त ऊब मिळते आणि ती कुठून येते ते भिंतीमागे जातं. आधुनिक उपकरण आपल्याला फळ देतं आणि झाड लपवतं. कंट्रोलरला हे तंतोतंत लागू होतं. पण ते शेकोटीचं कौतुक वाचताना मला माझी आजी चुलीसमोर डोळे पुसताना आठवत राहिली. श्रम दिसले म्हणजे ते न्याय्य वाटले गेले असं होत नाही. कटकट कमी झाली तर बायकांची सगळ्यात आधी कमी झाली आहे, आणि त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही.

म्हणून 'सेल बदलण्यात एक साधेपणा आहे' वगैरे मी भावाला सांगितलं नाही. तरी त्याने मला पकडलंच. मी म्हणाले, आत बॅटरी असलेली वस्तू म्हणजे तिचा शेवट दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. तो उठला, फ्रिजवरचा डबा आणला आणि माझ्यासमोर उपडा केला. रिमोटचे, घड्याळाचे, टॉर्चचे मेलेले सेल. काहींच्या टोकाला पांढरी बुरशी आल्यासारखं, म्हणजे आतलं रसायन गळून सुकलेलं. "आणि याच्या आधीचे कुठे गेले, ताई? ओल्या कचऱ्यात. तूच टाकलेस."

बरोबर होतं. वापरून फेकायच्या सेलचा ढीग बघितला तर पाच वर्षं चालणारी एक बंद बॅटरी त्यापेक्षा सोज्वळ ठरते. माझा मुद्दा फक्त सेल परत भरण्यासारखे असतील तरच उभा राहतो, आणि तेव्हाही ते कधी तरी संपणारच. फरक एवढाच की सेल संपला तेव्हा तो माझ्या हातात असतो. त्याचं काय करायचं हा प्रश्न माझ्याच फ्रिजवर येऊन बसतो, भंगारवाल्याच्या मुलाने स्क्रूड्रायव्हर लावेपर्यंत थांबत नाही. एवढ्याशा फरकासाठी हजार रुपये द्यावेत का? मला वाटलं, द्यावेत. कोणाला तसं वाटलं नाही तर मी भांडायला जाणार नाही. ज्याला ती रक्कम जड आहे त्याला तर मुळीच ऐकवणार नाही.

कायद्यानेही हा प्रश्न अलीकडे उचलला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे पप्पांचा कांडीचा नियमच. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम आले. त्यात वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची व्यवस्था लावायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि त्या जमिनीत पुरायला किंवा जाळायला बंदी आहे. सेलवर फुली मारलेली कचरापेटी छापलेली असते ती याचीच खूण. ती मी इतकी वर्षं बघत होते आणि ओल्या कचऱ्यात टाकत होते. नियम चांगला आहे. तो उत्पादकापासून आमच्या फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून वजनकाट्यापर्यंत पोचायचा आहे.

शेवटी सेलवाला कंट्रोलर आला, चार निकेलचे सेल आणि चार्जर. दोन आत, दोन चार्जरवर, आळीपाळीने. भावाची तक्रार आहे की हे सेल भरलेले असले तरी दीडऐवजी १.२ व्होल्टच देतात आणि शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच देत राहतात, त्यामुळे कंट्रोलर आधी सावध करत नाही, एकदम मान टाकतो. दोन मॅच त्याने अशा घालवल्या. तिसऱ्या वेळी त्याने आईच्या नेलपॉलिशने सेलवर जोड्यांचे नंबर घातले आणि चार्जरशेजारी एक वही ठेवली. घड्याळाला आता कोणी हात लावत नाही.

फ्रिजवरचा डबा तसाच आहे. ठाण्यात एका मोठ्या दुकानात जुन्या बॅटऱ्यांसाठी पेटी ठेवली आहे, ती मी एकदा बघितली आहे, पण तिकडे जाताना डबा विसरतो. मागच्या रविवारी रद्दी द्यायला निघाले तेव्हा आईने तोही पिशवीत घातला. दुकानात तोच मुलगा होता. तळव्यावरची कातडी गुलाबी झाली आहे, बोटं पूर्ण मिटत नाहीत, वजनं तो डाव्या हाताने ठेवतो. रद्दीचे पैसे मोजून दिल्यावर त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "और कुछ है, दीदी?"

मी नाही म्हणाले आणि डबा परत घरी आणला.