छातीवरचे लिंग, छातीतला धूर

इंदूरच्या खजराना गणेश मंदिराच्या दाराशी एखादा भाविक सिगारेट विझवतो. दर्शन झाले की पुन्हा पेटवतो. पण महात्मा बसवण्णांनी देहालाच देऊळ म्हटले. छातीवर इष्टलिंग धारण करणाऱ्या शरणाने मग सिगारेट कोणत्या दाराशी विझवावी?

“एवढी वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग?” असे कोणी म्हणेल. फ्लेचर व पीटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ साली दाखविले की, वयोमानाने फुप्फुसांची शक्ती सर्वांचीच घटते. धूम्रपानाने अनेकांची अधिक वेगाने. सोडल्यावर गेलेली शक्ती फारशी परतत नाही, पण पुढची घट न ओढणाऱ्यांइतकी मंदावते.

म्हणजे पश्चात्तापाने गेलेला श्वास मिळत नाही, उरलेला वाचतो. तोच कायकाचे भांडवल. तो दासोहात वेचावा, धुरात नव्हे.