खंडाची जमीन

वालचंदनगरजवळच्या एका ओसरीवर चहा झाला आणि तात्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला. पाहुणा कोणीही असो, पिशवी सुटतेच. समोर पुतणी होती. ती बारामतीला कॉलेजात इतिहास शिकवते आणि त्या आठवड्यात स्टालिन शिकवत होती.

"शेतं एकत्र करायला लावली, धान्य उचलून शहरांना नि परदेशात पाठवलं, त्यावर कारखाने उभे केले. १९३२-३३ मध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. सामुदायिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी, नाहीतर किमान दहा वर्षं कैद."

"आमच्याकडं गोळी नव्हती. कायदा होता."

कायदा १९६१ चा, कमाल जमीनधारणेचा. तात्यांच्या आजोबांनी जमीन साखर कारखान्याला खंडानं दिली होती. कारखान्यांची हजारो एकर जमीन सरकारनं घेतली. पण उसाचा पुरवठा तुटू नये म्हणून तिचे तुकडे करून भूमिहीनांना वाटली नाही. १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ निघालं. इंदापूर तालुक्यातला रत्नपुरी मळा त्याचाच. मूळ मालक नुसते 'खंडकरी' उरले.

"कारखान्यासाठी तिकडं घेतली, इकडंही घेतली. मग फरक काय?"

"तुम्ही मोर्चे काढलेत, तात्या. तुमचे पुढारी माधवराव गायकवाड कम्युनिस्ट, आमदारही झाले, आणि भांडले कशासाठी? शेतकऱ्याची मालकी परत मिळावी म्हणून! स्टालिननं असा माणूस जिता ठेवला असता?"

तात्या हसले. "खरंय. पण वाटप सुरू झालं २०१२ ला. वडील वाट बघत गेले."

"आणि मळ्यावरचे मजूर? दोन पिढ्या त्यांनी ऊस लावला, रात्रीची दारं धरली. कायदा भूमिहीनांच्या नावानं केला, ते भूमिहीन हेच ना?"

"जमीन आमची होती."

"राबले ते."

"मग मी काय माझी सोडू?"

"तुमची कशाला? जमीन घेताना सरकारनं कारखान्याचा विचार केला, देताना तुमचा. त्यांचा कधी करायचा?"

तात्यांनी चष्मा लावला आणि सातबाऱ्यावर बोट फिरवत राहिले. त्यात मालकाचा रकाना आहे, कुळाचा आहे. रोजंदारीवरच्या मजुराचा नाही.