टाकलेल्या वस्तूंचा वाली कोण?

मंगळवेढ्याची ओळख दामाजीपंतांच्या धान्यकोठारांची आणि काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीची. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच गावी 1338 साली गावकुसाचे बांधकाम कोसळून संत चोखामेळा त्याखाली गेले. त्यांच्या जातीवर मेलेली ढोरे ओढण्याचे काम जन्मानेच लादलेले होते. दूध ज्याने प्यायले, त्याने मढ्याला हात लावायचा नाही, अशी ती रीत. 1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम सोडायला सांगितले, तेव्हा प्रश्न न्यायाचा होता.

तो आज मिटला आहे का? ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कुणी फेकत नाही, कारण नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वजा करतो. कीटकनाशकाची रिकामी बाटली मात्र बांधावर पडते, ठिबकच्या फाटक्या नळ्या पेटवून दिल्या जातात. ज्याला मोल उरले ते परत जाते, उरलेले मातीच्या माथी. बॅटरीतले शिसे उघड्यावर वितळवणाऱ्याच्या तर ते अंगातच भिनते. मालेगावच्या प्लॅस्टिक कारखान्यांपासून धारावीपर्यंत भंगाराच्या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

वस्तू बनवणाराच तिच्या शेवटालाही जबाबदार, हा विचार 1990 साली स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडला. आपल्याकडे 2011 च्या ई-कचरा नियमांत तो आला, पुढे प्लॅस्टिक आणि बॅटऱ्यांनाही लागू झाला. कंपनीने पुनर्वापराची प्रमाणपत्रे दाखवायची, अशी सोय झाली. 2023 साली त्यांतली अनेक प्लॅस्टिक प्रमाणपत्रे बनावट निघाली. कागदावर जबाबदारी पार पडली, बाटली बांधावरच राहिली.

आपल्या फिक्हमध्ये खरेदी-विक्रीचे एक जुने सूत्र आहे : नफ्याचा हक्क जबाबदारी उचलणाऱ्यालाच. ते इथे लावले तर पहिला बोजा कंपनीवर येतो. कुणी म्हणेल, कंपनी किंमत वाढवील आणि भरणार आपणच. भरू या. आज ती किंमत असा माणूस भरतो आहे, ज्याने ती वस्तू कधी विकत घेतली नव्हती.

पण कंपनीकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. वलीम्यानंतर मांडवामागे पडणारा पत्रावळ्या-ग्लासांचा ढीग कंपनीने केलेला नसतो. इसराफ नको असे आपण जुम्म्याला ऐकतो आणि इफ्तारला नव्या प्लॅस्टिकची थप्पी उघडतो. रस्त्यातला काटा दूर करणे हा सदका असेल, तर काटा टाकणाऱ्याचा हिशेब काय?

उपाय फार दूर नाही. बाटलीमागे दुकानदाराने थोडी अनामत घ्यावी, बाटली परत आणली की ती द्यावी. पुढची वाहतूक आणि विल्हेवाट कंपनीच्या खर्चाने व्हावी. गोळा करणाऱ्याला हातमोजे, ओळखपत्र आणि ठरलेली मजुरी मिळावी. ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’वरूनच मराठीत आला आहे. वस्तू वापरून झाली तरी आपल्याकडची अमानत संपत नाही, एवढे त्या शब्दाने आपल्याला कधीचेच सांगून ठेवले आहे.