कुमारिलभट्ट आणि क्रायटेरियन टू

कॉलेजात नॅकचं, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचं, वारं शिरलं की माणसं आकड्यांनी ओळखली जाऊ लागतात. कोणी थ्री, कोणी फाइव्ह, लायब्ररीवाले सर फोर. मी टू होते. नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा, म्हणजे शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन, निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होता. तत्त्वज्ञानाच्या बाईंकडे मुलं कमी, म्हणजे वेळ भरपूर, असा साधा हिशेब. आमच्या डोंबिवलीत कॉमर्सच्या एकेका डिव्हिजनला शंभरावर मुलं असतात. माझ्या टीवायच्या वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त. तेव्हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

या टूमध्ये 'निष्पत्ती' नावाचं एक प्रकरण आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पेपरचे चार-पाच 'कोर्स आउटकम' लिहायचे. परीक्षेतला कुठला प्रश्न कुठल्या आउटकमचा, ते ठरवायचं. मार्क आले की एक्सेलमध्ये भरायचे आणि प्रत्येक आउटकम किती साधलं, ते शून्य ते तीनमध्ये काढायचं. आमच्याकडे ठरलेलं होतं: साठ टक्के मुलांना साठ टक्क्यांच्या वर मार्क असले की पुरे तीन. भारतीय ज्ञानमीमांसेच्या पेपरात माझं एक आउटकम असं होतं, की विद्यार्थ्याला स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य या दोन भूमिकांची तुलना करता येईल. एका वर्षी निष्पत्ती आली २.४. म्हणजे, ज्ञान खरं आहे हे दुसऱ्या कोणी सांगावं लागतं की नाही, हा वाद मुलांना कळला आहे, हे दुसऱ्या कोणाला तरी सांगण्यासाठी मी तो आकडा वर पाठवला. यातली गंमत मी स्टाफरूममध्ये सांगितली. समोरचा म्हणाला, "मॅडम, थ्री पॉइंट टूची लिंक उघडत नाहीये."

वाद जुना आहे, आणि इतकी वर्षं शिकवूनही मला तो शिळा वाटला नाही. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिलभट्ट म्हणतात, ज्ञान उपजतं तेच प्रामाण्य घेऊन. समोर पाणी दिसलं की ते पाणी आहे हे आपण धरूनच चालतो. त्यासाठी वेगळा दाखला मागत नाही. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो, आणि तो दोनच वाटांनी. एक, ज्या साधनाने पाहिलं त्यातच दोष निघाला. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तसं. दुसरी, पुढे होणारं ज्ञान आधीच्या ज्ञानाला खोडून काढतं. तोपर्यंत विश्वास हा पाया आणि शंका हा अपवाद.

न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. खरेपणाही बाहेरूनच ठरतो, असं ते म्हणतात. वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या सुरुवातीलाच कसोटी देऊन ठेवली आहे: ज्ञानावर विसंबून माणूस पुढे गेला आणि त्याचं काम झालं, तर ते ज्ञान खरं. पाणी दिसलं, गेलात, प्यायलात, तहान भागली. मृगजळ असतं तर भागली नसती.

आता सांगा, नॅक कोणाच्या बाजूची? उघडच नैयायिकांच्या. अध्यापन आपोआप चांगलं मानायचं नाही, फळ दाखवा. आणि यात गैर काही नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्यातले काही सहकारी अशा वेळी गीता पुढे करत. आपला अधिकार कर्मावर, फळ कशाला मोजता? या युक्तिवादाचा मला मनापासून राग येतो. शिक्षकाने आपल्या बढतीची आसक्ती सोडावी, हे ठीक. पण मूल शिकलं की नाही हे माझं फळच नव्हे, ते त्या मुलाचं आहे, आणि त्यावर पाणी सोडण्याचा अधिकार मला कोणी दिला? मुलगा बदलापूरहून लोकलला लटकून येतो, रात्री मॉलमध्ये उभ्याने काम करतो. त्याला मी निष्काम वृत्तीने काहीही शिकवावं, हे चालायचं नाही.

शिवाय आपल्याकडे विद्यापीठाचा जन्मच परतःप्रामाण्यात झालेला आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवायचं कॉलेजांनी. आत काय शिकवलं जातं ते जाऊन पाहण्याची व्यवस्था घट्ट झाली व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने. फर्ग्युसनमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कौन्सिलात त्याला विरोध केला. दर्जा नको म्हणून नव्हे. विद्यापीठं सरकारी माणसांच्या मुठीत जातील म्हणून. नॅक आली त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९९४ मध्ये. आणि परंपरावाल्यांनाही बाहेरचा शिक्का वर्ज्य नव्हता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवली ती १९२३ मध्ये, कलकत्त्याची परीक्षा देऊन. पुढे कलकत्ता लोक विसरले आणि पदवी नावाला चिकटून राहिली, ही गोष्ट वेगळी.

माझं भांडण बाहेरच्या तपासणीशी नाही. ती तहानेपर्यंत पोचतच नाही, याच्याशी आहे. पाहुण्यांचं व्याख्यान झालं याचा पुरावा काय, तर फोटो. नुसता नाही, जिओटॅगवाला. खाली अक्षांश १९, रेखांश ७३, वेळ, तारीख. फोटोत पहिल्या दोन रांगा भरलेल्या दिसाव्यात म्हणून मुलांना पुढे बोलवायचं. मग त्याचा अहवाल, अहवालावर सही-शिक्का, त्याची पीडीएफ, पीडीएफची लिंक, लिंक चालते याची तपासणी. २०१७ नंतर गुणांतला मोठा वाटा आकड्यांच्या माहितीवर गेला आणि ती ताडून पाहणारी वेगळी यंत्रणा आली. कागदाला कागदाचा आधार. या साखळीत व्याख्यान कोणाला कळलं का, हा प्रश्न कुठल्याच कडीला विचारलेला नसतो.

नैयायिकांच्या या वाटेवर एक खड्डा आहे, हे मीमांसकांनी तेव्हाच दाखवलं होतं. पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला, तर दुसऱ्याला तिसऱ्याचा; याला अंत कुठे? शास्त्रात याला अनवस्था म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका शिक्षणसंस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. लगेच चर्चा सुरू झाली, तपासणाऱ्यांना तपासायला कोणाला ठेवायचं. कुमारिलभट्ट इथे फार व्यवहारी आहेत. त्यांचं म्हणणं, तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जायची गरज नाही. शंका आली, पाहिलं. त्यावर शंका आली, पुन्हा पाहिलं. कारण नसताना त्यापुढे शंका काढत बसणाऱ्याचा कुठलाच व्यवहार चालणार नाही. मी आमच्या फॉर्मवरच्या सह्या मोजल्या होत्या. सातवी सही करणाऱ्याने मजकूर वाचला असेल, असं मला वाटत नाही.

एवढं लिहून मी मीमांसकांच्या मांडीवर जाऊन बसले असते, तर बरं झालं असतं. शिक्षकावर विश्वास ठेवा, तक्रार आली तरच बघा. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या असत्या. पण एका मुलाने मला तिथे बसू दिलं नाही.

नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं. मुलांच्या ईमेलवर प्रश्नावली येते. पहिलाच प्रश्न, वर्गात पोर्शन किती पूर्ण झाला? पर्याय टक्क्यांत: ८५ ते १००, ७० ते ८४, असे उतरत्या क्रमाने ३० च्या खालीपर्यंत. आम्ही मुलांना जागं करत फिरत होतो, मेल उघडा, फॉर्म भरा. कॉरिडॉरमध्ये एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, मी निम्म्याच लेक्चरला होतो. उरलेल्यात काय झालं ते मला कसं माहीत? मग ८५ लिहू की ५०?" शेजारची मुलगी अंगठ्याने भराभर सगळीकडे वरचा पर्याय दाबत होती. ती त्याला म्हणाली, "अरे, अजून इंटर्नल लागायचे आहेत. वरचं दाब आणि चल."

दोघांनी मिळून मला मीमांसेचाच एक धडा दिला. भाट्ट, म्हणजे कुमारिलांच्या परंपरेतले, मीमांसक ज्ञानाची सहा साधनं, सहा प्रमाणं मानतात, सहावं अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे मला कशाने कळतं? तो दिसत नाही, याने. पण लगेच अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. न दिसण्याला योग्यता लागते.

'तक्रार आली तरच बघा' हे सूत्र याच अटीवर उभं आहे, आणि आपण ती अट कधी तपासत नाही. 'या पेपरविषयी कोणाची तक्रार नाही' हे वाक्य मी अहवालात किती वेळा टाइप केलं असेल. ते खरं ठरायला, तक्रार असती तर ती दिसली असती, अशी जागा कॉलेजात असायला हवी. इंटर्नलचे मार्क शिक्षकाच्या हातात. फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून, नावानिशी. घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच माणूस तो मुलगा. चांगलं लेक्चर म्हणजे काय, हे त्याने दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तिथे शांतता आहे, एवढंच आपण सांगू शकतो. शांततेतून दर्जा सिद्ध करणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडे मोजणं.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. शिक्षकावर कुमारिलांसारखा विश्वास ठेवा, प्रत्येक तासाचा पुरावा मागू नका. पण त्या विश्वासाची किंमत म्हणून दोष दिसू शकेल असा उजेड करा. तपासणीचा पैसा आणि मनुष्यबळ पुरावे जमवण्यावर न घालवता त्या उजेडावर घाला. उजेड म्हणजे काही दिव्य नाही. एफवायला शिकवलेलं मुलांना आलं की नाही, हे एसवायच्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात कळतं. त्याला कधी कोणी अधिकृतपणे विचारतं का? इंटर्नलच्या भीतीतून सुटून वर्ष झालेला मुलगा खरं बोलतो. आम्ही त्याला माजी विद्यार्थी मेळाव्यात बोलावतो, गुलाबाचं फूल देतो आणि फॉर्मवर 'एक्सलंट' लिहून घेतो.

आणि सगळ्याच पेपरांना सारखा उजेड लागत नाही. हेही नैयायिकांकडून घेण्यासारखं. ओळखीच्या गोष्टीत ते आधीच्या अनुभवाच्या सारखेपणावरून काम भागवतात. अनोळखी गोष्टीतच प्रत्यक्ष जाऊन पाहावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, कौशल्याचे, मूल्यांचे असे किती तरी पेपर आणले. दोन क्रेडिटचा भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आला. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे तीस तासांत भारतीय ज्ञान. तो शिकवायला ज्याचा वर्कलोड कमी पडतो तो शिक्षक, मग विषय कुठलाही असो. खरं पाहायला हवं ते इथे. पण इथे आणि वीस वर्षं चाललेल्या अकाउंटन्सीच्या पेपरला फॉर्म तोच, रकाने तेच.

माझा एक विद्यार्थी पुढे वकील झाला, आता कल्याण कोर्टात असतो. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे भेटला. त्या गर्दीत उभं राहणं मुश्कील, तरी थांबून म्हणाला, "मॅडम, हेत्वाभास फार उपयोगी पडतात. समोरच्याचा हेतू कुठे लंगडा आहे ते पटकन सापडतं. पण तुम्ही ते मार्चमध्ये दोन लेक्चरमध्ये गुंडाळलं होतं." बरोबर होतं त्याचं. पाच हेत्वाभास, म्हणजे अनुमानातले सदोष हेतू, सेमिस्टरच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर, नावं आणि व्याख्या लिहून देऊन उरकलेले. माझ्या एक्सेलमध्ये त्या युनिटची निष्पत्ती उत्तम होती, कारण नावं आणि व्याख्याच विचारल्या होत्या.

आमचं कॉलेज संलग्न. अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं, आम्हाला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. शिकवण्याचा क्रम मात्र आमच्या हातात. मी त्याचं म्हणणं विभागाच्या बैठकीत मांडलं. हेत्वाभास सेमिस्टरच्या सुरुवातीला घ्यावेत, असं सुचवलं. माझ्यानंतर आलेल्या तरुण सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "अनुमानाच्या आधी हेत्वाभास कसे शिकवणार?" शेवटी अनुमान पुढे ओढलं, त्याला जोडून हेत्वाभास आले, आता ते जानेवारीत होतात, कोर्टातली उदाहरणं घेऊन. त्यापायी शब्दप्रमाण मार्चमध्ये ढकललं गेलं आहे. त्याविषयी अजून कोणी तक्रार केलेली नाही. पण ही मुलं अजून वर्गातच आहेत, आणि त्यांचे इंटर्नल लागायचे आहेत.