आमचा परिसर अभ्यास

तिसरीतल्या मुलीचा गृहपाठ घ्यायला माणसाने रविवारी सकाळी बसू नये. चहा तर निवतोच, वर इभ्रतही जाते.

आमच्या कन्येला ‘परिसर अभ्यास’ नावाचा विषय आहे. बाप बी. कॉम. झालेला, तेव्हा गणित त्याच्याकडे. आणि परिसर तर काय, दाराबाहेरच असतो, म्हणून तोही त्याच्याकडे, अशी आमच्या घरातली कामाची वाटणी. बाईंनी प्रश्न दिला होता : रोज मदत करणाऱ्या पाच जणांची नावे व कामे लिहा.

कामे भराभर झाली. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, वॉचमन आणि कचरेवाली मावशी.

“बाबा, ही कामं झाली. नावं?”

“अगं, मावशीच लिही ना!”

“मावशीचं नाव मावशी कसं असेल? तिची मुलं तिला मावशी म्हणतात?”

आता गंमत पाहा. बँकेत गेली एकवीस वर्षं मी लोकांना नावच विचारतो आहे. आधार कार्डावर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकात ‘दत्तात्रेय’ निघाला, तर त्या एका मात्रेपायी सत्तरीच्या म्हाताऱ्याला मी खुशाल प्रतिज्ञापत्र करायला पाठवतो. आणि अकरा वर्षं आमचा कचरा नेणाऱ्या बाईचं नाव मला ठाऊक नाही!

जे आपण करत नाही ते मुलांना शिकवावं का? ‘नाही’ म्हणावं तर उद्यापासून सगळ्या शाळांना कुलपं. ‘हो’ म्हणावं तर ते विनातारण कर्ज वाटण्यासारखं झालं. पैसे उधळायचे आपण आणि वसुली पोरांकडून.

अडचणीत आलेला कारकून नेहमी नियमावली उघडतो. मी पाठ्यपुस्तक उघडलं. सुरुवातीलाच प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. गृहस्थ विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी, म्हणजे आमच्याच आकडेमोडीच्या गोत्रातले. मोठ्या आशेने वाचली. प्रत्येकाशी सौजन्याने वागायचं कबूल केलेलं आहे. नाव विचारायचं कलम कुठेही नाही. सुटलो!

“हे बघ, सौजन्य आहे आपल्यात. दिवाळीला आपण तिला पैसे देतो की नाही?”

“कोणाला?” कन्या म्हणाली.

तेवढ्यात खाली घंटागाडी वाजली. ही वही घेऊन पळाली, मागून मी बादली आणि सुक्या कचऱ्याची पिशवी घेऊन. मावशींनी नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. सगळं सावकाश, मात्रा-वेलांटी चुकू नये अशा बेताने. आमच्या काउंटरवर एका फेरीत काम झालं असतं बाईंचं.

मी ओशाळून म्हटलं, “अकरा वर्षं झाली, पण आपली काही ओळख नाही झाली.”

“तुमची हाय की मला,” त्या म्हणाल्या. “बँकेतले ना? पाकिटावर नाव असतंय.” मग पिशवीत डोकावून हळूच विचारलं, “सायेब, शुगर वाढली काय? या महिन्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं लई दिसत्यात.”

घरात मी अजून कोणाला बोललो नव्हतो.

कन्येने वहीतून मान वर केली. “बाबा, हे ‘कामे’मध्ये लिहू?”