निर्वासिताचे पान

शास्त्रवाचन : मार्क ६:३०-४४



बंगळूरच्या चिकपेटेतून जो एकदा फिरला आहे, त्याला बाजार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. केंपेगौडांनी वसवलेली ही जुनी पेठ. तिला लागून असलेल्या दोड्डपेटेला आज अॅव्हेन्यू रोड म्हणतात, आणि तेथेच व्यापाराच्या गजबजाटात राइस मेमोरियल चर्च उभे आहे. दाम मोजावा आणि माल न्यावा, हा पेठेचा नियम. त्यात गैर काही नाही.

परंतु ह्या पेठेने युद्धही पाहिले आहे. ७ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हलसूर दरवाजाकडून हल्ला करून ती घेतली. रहिवाशांना घरदार सोडून पळावे लागले. पुढे मे महिन्यात तेच सैन्य श्रीरंगपट्टणजवळ अन्नावाचून हैराण झाले असता परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या छावणीतील बाजारात धान्य मुबलक होते, भाव मात्र भारी होता. ज्याच्या कमरेला थैली होती त्याची भूक भागली. पण पेठ सोडताना ज्या माउलीच्या हाती केवळ लेकरू होते, तिला कोणत्या बाजाराने अन्न दिले असेल?

आता शास्त्रभागाकडे वळू. दिवस उतरला होता, ठिकाण ओसाड होते. शिष्यांनी प्रभूला सुचविले की, लोकांना निरोप द्यावा म्हणजे ते आसपासच्या गावांत जाऊन आपापले विकत घेतील. हा सल्ला दुष्टपणाचा नव्हता, व्यवहाराचा होता. प्रभूने मात्र ती जबाबदारी शिष्यांवरच सोपविली. त्यांनी दोनशे दिनारांचा हिशेब मांडला. त्याने त्यांच्याजवळ किती भाकरी आहेत ते पाहावयास सांगितले.

पुढची गोष्ट आपण घाईने वाचून जातो. भाकरी मोडण्याआधी त्याने लोकांना हिरव्या गवतावर, शंभर-शंभर व पन्नास-पन्नास असे बसविले. प्रियांनो, ही पंगत आहे! पंगतीत बसलेल्याला हात पसरावा लागत नाही. वाढणारा त्याच्या पानापाशी येतो. भुकेल्याला अन्न देताना प्रभूने त्याचा मानही राखला.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर अशी एक पंगत बसली होती. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केले. भूक व रोग यांनी कित्येक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. १९४२ मध्ये इराणमार्गे सुटून आलेल्यांपैकी शेकडो मुलांना जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला व मी तुमचा पिता आहे असे त्यांना सांगितले. पुढे १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. तेथे कुटुंबांना स्वतंत्र खोल्या व स्वयंपाकाची जागा मिळाली. खर्चाचा मोठा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला, तरी भूमी आणि शेजार कोल्हापूरचा होता. रिकामे भांडे घेऊन ज्या आईने रांगांत दिवस काढले, तिने पुन्हा आपली चूल पेटविली आणि आपल्या हाताने आपल्या मुलाला वाढले. बंगालच्या भीषण दुष्काळाचे १९४३ साल तेच, हे विसरू नये.

ही मुले ख्रिस्ती होती. त्यांना जवळ करणारा राजा हिंदू होता. सारफथच्या विधवेने परक्या एलीयाला आपल्या मूठभर पिठातून भाकर दिली, तिची येथे आठवण होते. हे ऋण फेडताना भुकेल्याचा धर्म वा देश विचारण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या सुदानच्या युद्धाने एक कोटीहून अधिक लोकांना घराबाहेर काढले. तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच गल्लोगल्ली सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. त्यांच्याजवळही पाचच भाकरी होत्या.

आपण काय करावे? सणाच्या दिवशी एकदा देऊन थांबू नये. दरमहा थोडे, पण नेमाने, विश्वासू मदतकार्याच्या हाती द्यावे. घरात नकोसे झालेले सामान पाठविण्यापेक्षा पैसा बरा. त्यातून जवळच्या बाजारात लोकांच्या सवयीचे अन्न घेता येते. दीर्घ उपासमार सोसलेल्या बालकाला एकाएकी भरपेट जड अन्न दिले तर जिवावर बेतते. त्याला जाणत्या हातांनी, बेताबेताने खाऊ घालावे लागते. म्हणून केवळ पोती पाठवून भागत नाही. परिचारिका व दाई यांच्या सेवेलाही आपला हातभार हवा. याईराच्या कन्येला उठविल्यावर तिला खावयास द्या, असे प्रभूने सांगितले होते. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही बारा वर्षांच्या मुलीची भूक त्याच्या ध्यानातून सुटली नाही.

वाचकहो, तो स्वतः बालपणी हेरोदाच्या तलवारीमुळे रातोरात मिसर देशास गेलेला निर्वासित होता. तेथे कोणाच्या तरी दारी मरीयेने पीठ मागितले असेल, कोणी तरी ते दिले असेल. त्या घराचे नाव शास्त्रात नाही. आज रात्री जेवावयास बसताना आपल्या पंगतीत एक पान अधिक मांडावे, आणि त्या पानावरचे अन्न ज्याचे आहे त्याच्यापर्यंत पोचवावे. देणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले गेले नाही तरी चालेल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या पाच भाकरी तुझ्या हाती देण्याचे धैर्य आम्हांस दे. युद्धाने घराबाहेर काढलेल्या तुझ्या लेकरांना आमच्या शेजारी बसीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.