मागें राहिलेल्यांचें बक्षीस

प्रेषित पौलानें करिंथकरांस शर्यतीचा दाखला देतांना, बक्षीस एकासच मिळतें अशी आठवण दिली. साठीनंतर बाप्तिस्मा घेतलेल्या एका वृद्धानें मला विचारिलें, "मग मागें राहिलेल्यांचें काय?" तेव्हां मीं त्यास ही हकीकत सांगितली.

सन 1978 च्या फेब्रुवारीच्या 18 व्या तारखेस हवाईंतील ओआहू बेटावर एक लहानशी शर्यत झाली. समुद्रांत सुमारें 3.9 किलोमीटर पोहणें, मग सायकलीवर 180 किलोमीटर, आणि त्यावर 42 किलोमीटर धांवणें. आणि हें सर्व एकाच दमांत! निघाले अवघे 15, पोहोंचले 12. गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या डनबाराचें पाणी वाटेंत संपलें, तेव्हां सोबत्यांनीं त्यास बियर पाजिली. (तो लटपटला, यांत नवल तें काय?) शर्यत योजणारा नौदलाचा अधिकारी जॉन कॉलिन्स स्वतःहि धांवला, त्यास 17 तास लागले. त्याच्याहि मागून कांहीं आले. हातानें घडविलेलें लहानसें स्मृतिचिन्ह हॅलरास मिळालें, तसेंच बाराव्यासहि.

"बारावा केव्हां पोहोंचला?" वृद्धानें विचारिलें.

"मध्यरात्र उलटल्यावर."

"मग तोंवर कोणी तरी दिवा लावून बसलें असेल," तो म्हणाला.